गाइड म्हणतात, हे अर्थशास्त्र नाही

*ताई, नमस्कार. मी एकतीस वर्षांची आहे. पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. तासांचे पैसे कधी चार महिन्यांनी मिळतात, कधी वर्ष संपल्यावर. पीएचडीला नाव नोंदवलंय. पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या कमाईवर काम करायचंय. गाइड म्हणाले, "हे समाजशास्त्र झालं. सरकारी आकडेवारी तयार आहे, ती घ्या, मॉडेल बसवा, दोन पेपर काढा आणि मोकळ्या व्हा." मी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांचं नाव घेतलं, तर म्हणाले, "दांडेकर दांडेकर होते. तेवढं मोठं झाल्यावर वेगळं बोला."*

*एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. माझ्या आईनं कोथरूडमध्ये आयुष्यभर घरकाम केलं, आजही दोन घरी पोळ्या करते. हे कळलं तर म्हणतील, ही आईचं गाऱ्हाणं घेऊन आलीय. विषय बदलू का? वेगळं बोलायला आधी मोठं व्हावं लागतं का?*

*— तासिकेवरची प्राध्यापिका, धायरी*

विषय बदलू नका. गाइडशी भांडूही नका. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, त्याकडे मी येतेच. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलू, कारण तुम्हाला खरं लागलंय ते तेच वाक्य.

"मोठं झाल्यावर वेगळं बोला" हा क्रम दांडेकरांच्या बाबतीत तरी उलटा आहे. ते साताऱ्याचे, जन्म १९२०चा. शिक्षण कलकत्त्याला, तेही संख्याशास्त्राचं. तिथून पुण्याच्या गोखले संस्थेत, म्हणजे अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेत, आले. तेव्हा संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ होते. दांडेकर स्वतः संचालक झाले १९६६ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९५७ मध्ये, त्यांनी आणि खुदानपूर यांनी मुंबई राज्याच्या १९४८च्या कूळकायद्याचा अहवाल लिहिला. कायद्यानं कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणाऱ्याला, संरक्षण दिलं होतं. कागदोपत्री सगळं नीट होतं. पाहणी करायला माणसं गावोगाव गेली, तेव्हा वेगळंच दिसलं. कुळं जमिनी सोडत होती आणि दप्तरात नोंद होत होती ती राजीखुशीनं सोडल्याची. कायदा एकीकडे, शिवार एकीकडे. हे लिहिलं तेव्हा दांडेकर सदतिशीचे होते, कुठल्या संस्थेचे प्रमुख नव्हते की कुठल्या आयोगाचे अध्यक्ष नव्हते. त्याच वर्षी जगतापांबरोबर 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हे पुस्तक आलं, तेही मराठीत. तुमच्या गाइडना मोठे वाटणारे दांडेकर या कामांतून पुढे घडले.

तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळ आहे ते १९६२ मधलं त्यांचं लेखन. 'ऑक्सफर्ड इकॉनॉमिक पेपर्स'मध्ये शेतीसुधारणा आणि आर्थिक सिद्धांत यांवर त्यांचा एक लेख आला. तो मुळातून वाचाच. त्यातला तर्क मी माझ्या उदाहरणानं सांगते. एका घरात चार भाऊ आहेत आणि आठ एकर कोरडवाहू जमीन. काम खरं तर दोघांपुरतं आहे, पण राबतात चौघं आणि जेवतातही चौघं. आता समजा, हीच जमीन नफ्यासाठी कसणाऱ्याच्या हाती गेली. तो दोघांनाच ठेवील, कारण तिसऱ्याच्या राबण्यानं जेवढं पीक वाढेल तेवढ्यात त्याची मजुरीही सुटणार नाही. पाठ्यपुस्तकातून आपण वर्गात हेच शिकवतो: मजुरी म्हणजे शेवटच्या मजुराच्या श्रमानं वाढलेलं उत्पादन, आणि यालाच कार्यक्षमता म्हणतो. माणसं भरपूर आणि जमीन तुटपुंजी असलेल्या देशात हा नियम लावला, तर उरलेल्या दोघांचं काय, याचं उत्तर तो नियम देत नाही. घरची शेती त्या दोघांना पोटाशी धरते, कारण घर माणसाला काढून टाकत नाही. दांडेकरांनी रूढ सिद्धांताला जो धक्का दिला तो इथे. सिद्धांत चूक आहे असा ओरडा त्यांनी केला नाही. तो सिद्धांत कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो आणि आपली परिस्थिती ती का नाही, एवढंच त्यांनी चोख दाखवलं.

ते उरलेले दोघं पुढे कुठे गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर सातारा, सोलापूर, मराठवाडा इथून किती कुटुंबं पुण्याच्या वस्त्यांत आली! पुरुष बांधकामावर गेले, बायकांनी भांडी-कपडे धरले. म्हणजे घरकामगार बाईची कमाई हा कूळ, दुष्काळ आणि शेतीतल्या जादा मनुष्यबळाच्या प्रश्नाचाच शहरातला भाग आहे. तो समाजशास्त्राकडे ढकलायचा, तर दांडेकरांचं निम्मं काम अर्थशास्त्रातून काढून टाकावं लागेल.

आता १९७१. जानेवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. रोज दरडोई २२५० उष्मांक (कॅलरी) मिळायला किती खर्च लागतो, इथून त्यांनी सुरुवात केली. १९६०-६१च्या किमतींना खेड्यात महिन्याला दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, अशी दारिद्र्याची रेषा निघाली. या रेषेखाली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं होती. ही टक्केवारी सगळेच उद्धृत करतात. मला मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. साठच्या दशकात विकास झाला, पण शहरांतल्या तळच्या २० टक्क्यांचा खर्च उलट घटला, हे त्यांनी मांडलं. देश पुढे जातोय असं सगळीकडे ऐकू येत असताना ही दोन माणसं बीएमसीसी रस्त्यावरच्या एका इमारतीत बसून खर्चाचे तक्ते लावत होती आणि खालच्या ओळीत काय होतंय ते वाचत होती.

उपायही त्यांनी कुणाच्या खुशीसाठी सांगितला नाही. जमीन सगळ्यांना वाटली तरी ती पुरणार नाही, असं हिशेब मांडून म्हटलं. डाव्यांना ते रुचलं नाही. मागेल त्याला सरकारनं सार्वजनिक कामावर रोजगार द्यावा आणि त्यासाठी वरच्या थरातल्या लोकांच्या खर्चाला कात्री लावावी, असंही म्हटलं. ते उजव्यांना रुचलं नाही. कुठल्याही एका गोटात न बसणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल म्हणतात ते यामुळे. पण गोट टाळायचे असं ठरवून ते लिहीत नव्हते. हिशेब जिथे घेऊन गेला तिथे गेले.

महाराष्ट्रात अशीच मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी उभी राहिली ती विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्यामुळे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी आधी प्रयोग केला होता. १९७२च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये आला. पैसे कुठून आणले? ओळखीतल्या एखाद्या बऱ्या पगाराच्या नोकरदाराची पगारपावती मागून बघा. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच बसवला गेला. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याच्या खिशातून थोडं काढून, ज्याला कामाची खात्री नाही त्याला काम द्यायचं. दांडेकर-रथ यांच्या प्रबंधातल्या हिशेबासारखंच काहीतरी आज लाखो पगारपावत्यांवर छापलेलं असतं आणि कापलेल्या पैशांकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही. वर्गात हे शिकवत नसाल तर शिकवा. मुलं लक्षात ठेवतात.

आता गाइडचं बरोबर असलेलं निम्मं म्हणणं. दांडेकर वेगळं बोलू शकले, कारण त्यांचं संख्याशास्त्र पक्कं होतं. डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याशी झालेला त्यांचा वाद वाचा म्हणजे लक्षात येईल. सुखात्मेही सातारा जिल्ह्यातले, बुधचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम करून पुण्यात स्थायिक झालेले. त्यांचा आक्षेप असा होता: उष्मांकांची गरज माणसागणिक आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं, मग सरासरी गरजेलाच सीमारेषा मानलं तर धडधाकट माणसंही भुकेल्यांत मोजली जातात. हा आक्षेप सोपा नव्हता. दांडेकरांनी १९८१-८२ मध्ये त्याला लेख लिहून उत्तर दिलं आणि दारिद्र्य मोजणं व कुपोषण मोजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लावून धरलं. एकाच शहरात राहणारे, एकाच जिल्ह्यातून आलेले हे दोघं संख्याशास्त्राच्या भाषेत भांडत होते आणि त्या भांडणावर देशातल्या गरिबांची संख्या ठरायची होती. गाइड "मॉडेल बसवा" म्हणतात तेव्हा त्यांना टाळू नका. नमुना निवड, अंदाजातल्या चुकीची मर्यादा, समाश्रयण (रिग्रेशन), सगळं शिकून घ्या. मात्र तयार आकडेवारीपाशी थांबू नका. सरकारी पाहणीत पाच घरी काम करणारी बाई एकाच ओळीत बसते. तिचे पाच मालक, पाच दर आणि पाच वेळा त्या ओळीत कुठेच दिसत नाहीत.

"हे अर्थशास्त्र नाही" या आक्षेपाला उत्तर द्यायला तुम्हाला फार लांब जावं लागणार नाही. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जा. गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती, तिचा पहिला भाग १९४५चा आणि दुसरा १९५२चा आहे. त्यानंतर १९५६ मध्ये सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुण्याची फेरपाहणी प्रसिद्ध केली. तिचा विषयच रोजगार आणि कमाई यांचं बदलतं स्वरूप हा होता. या शहरात घरोघर जाऊन कोण काय काम करतं आणि किती कमावतं हे विचारणं, हे पुण्यातल्या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःचं काम मानलं होतं. गाइडना भेटायला जाताना फेरपाहणीचा तो खंड सोबत न्या आणि टेबलावर ठेवा. वाद घालायची गरज पडणार नाही.

दांडेकरांच्या कामात मला एक उणीव दिसते, आणि तुमची जागा नेमकी तिथेच आहे. त्यांच्या तक्त्यांत मोजमापाचं एकक कुटुंब आहे. कुटुंबाचा खर्च भागिले माणसं, की दरडोई खर्च आला. घरात कुणाच्या ताटात किती पडतं आणि कुणाच्या हातात किती राहतं, हे त्यात येत नाही. बाईची मिळकत वेगळी दिसतच नाही. त्यांच्या पत्नी, लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर, यांनी मंजू साठे यांच्यासोबत रोजगार हमीवरच्या मजुरांची पाहणी करून १९८० मध्ये लेख लिहिला, तोही काढून वाचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वतः दांडेकरांनी वर्गसंघर्षाबद्दल लिहिताना एक अडचण दाखवली होती. भांडवलदार आणि कामगार या दोनच खान्यांत भारत मावत नाही. कारखान्यातला संघटित कामगार आणि कुठेच नोंद नसलेला बहुसंख्य कष्टकरी यांना एका ओळीत बसवता येत नाही. घरकामगार बाई या दुसऱ्या गटात येते, आणि तिचा मालक तर बहुधा स्वतःच पगारदार असतो. १९८० साली पुण्यातच मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा झाला २००८ मध्ये. मधल्या अठ्ठावीस वर्षांत दर कसे ठरत गेले, कुणाचे वाढले, कुणाचे तसेच राहिले, हे मांडायला माणूस हवंय.

कामाला लागाल तेव्हा बायकांची नावं फक्त संघटनेच्या यादीतून घेऊ नका. मग संघटित बायकाच सापडतील आणि त्यांचे दर इतरांहून बरे असतील. ओळखीच्या बायकांपासून साखळी लावली तरी तोच घोटाळा होतो. वस्ती निवडा, तिथल्या घरांची यादी करा आणि ठरावीक अंतरानं दारं वाजवा. ज्या घरात घरकाम करणारी बाई नसेल त्याचीही नोंद ठेवा. सकाळी जाऊ नका, कुणी भेटणार नाही. दुपारी दोन ते चार ही त्यांची जरा टेकायची वेळ असते, ती मागायची तर थोडक्यात आटोपा.

"महिन्याला किती मिळतात?" हा प्रश्न प्रश्नावलीत ठेवूच नका. त्याचं उत्तर गोळाबेरीज येतं, आणि ते नवऱ्यासमोर एक असतं, एकटीला विचारलं तर दुसरं. घरागणिक विचारा. पहिल्या घरी काय: भांडी, कपडे, केर-फरशी की पोळ्या? माणसं किती? वेळ किती? पैसे किती, आणि शेवटचे कधी वाढवले? खाड्याचे किती कापतात? महिन्याला सुट्ट्या किती? उचल घेतलीय का, ती कशी फिटते? दिवाळीला महिन्याचा पगार मिळतो की साडीवर भागवतात? एका घरून दुसऱ्या घरी जायला किती चालावं लागतं? त्या चालण्याचे पैसे कुणीच देत नाही, पण तिच्या दिवसात ते मोजावे लागतात. एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर भांड्यांचे दोन वेगळे दर दिसले, तर थांबा आणि खोदून विचारा. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच निघेल.

आता आईबद्दल. गाइडना सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं, तर ते खटकेल. आज सांगितलंत, तर ती तुमच्या कामाची ओळख होईल. प्रबंधाच्या अभ्यासपद्धतीच्या प्रकरणातही दोन ओळीत लिहा की संशोधकाच्या घरात हे काम झालेलं आहे. नमुन्यात आईला घेऊ नका, तिच्या जवळच्या मैत्रिणींनाही नको. पण प्रश्नावली मात्र सर्वांत आधी तिच्यासमोर ठेवा. कोणता प्रश्न बाईला खाली बघायला लावतो, कुठल्या प्रश्नाला ती खोटं सांगेल आणि का, हे तिच्याइतकं नीट तुम्हाला कुणी सांगणार नाही, कुठलंही पुस्तक नाही. आईचं गाऱ्हाणं घेऊन आलात, असं कुणी म्हटलंच तर वाईट वाटून घेऊ नका. प्रश्न कुठून सुचला, याला संशोधनात बंदी नाही. उत्तर कसं काढलं ते तपासलं जातं, आणि ते तपासायला तुम्ही सगळे कागद उघडे ठेवणार आहात.

पैशांबद्दल मला काळजी वाटते. तासिकेवर जगत पाचशे घरांची पाहणी होणार नाही, तशी स्वप्नं बघू नका. दोन वस्त्या घ्या, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कामाला लावा. आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची, पीएचडी फेलोशिप असते. वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांपैकी जिच्या अटींत तुम्ही बसत असाल तिथेही चौकशी करा, पहिल्या दोघींची मुख्यालयं पुण्यातच आहेत. अटी मात्र नीट वाचा. फेलोशिप घेताना तासिका चालतात की नाही, हे आधी लेखी विचारून घ्या. सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा राहिली असेल तर ती आधी काढा. गाइड म्हणतात त्या दोन पेपरांपैकी एक या पाहणीच्या पहिल्या टप्प्यातूनच निघू शकतो, हे त्यांना सांगितलंत तर त्यांचाही सूर बदलेल असं मला वाटतं.

पहिला टप्पा दिवाळीच्या आधी करा, बोनसची बोलणी चालू असतात तेव्हा बायका दरांबद्दल मोकळेपणानं बोलतात. तीसेक घरांची नोंद झाली की तक्ता मला पाठवा. त्यात कामाचा दर आणि कामाला लागणारा वेळ हे रकाने वेगळे ठेवा, आणि चालण्याच्या वेळेला तिसरा रकाना द्या.